पोलंडचीं लोकगीतें आणि वळिवड्याची वसाहत

(नभोवाणीवरील भाषण)



पोलंड हा देश आपल्यापैकीं बहुतेकांस इतिहासाच्या पुस्तकांतील एका वाक्यापुरता ठाऊक असतो. १९३९ सालच्या सप्टेंबरच्या पहिल्या तारखेस जर्मनीनें त्यावर स्वारी केली आणि दुसऱ्या महायुद्धास तोंड लागलें, हें तें वाक्य. मीं तें अनेक वर्षें मुलांकडून पाठ करवून घेतलें. परंतु ज्या देशावर ती स्वारी झाली त्या देशांतील बायका कापणी करतांना काय गात, लेक सासरीं जातांना काय गात, मूल निजवितांना काय गात, हा प्रश्न क्रमिक पुस्तकांत नसतो. आज त्याच प्रश्नाविषयीं मी आपल्याशीं बोलणार आहें. मी संगीतज्ञ नव्हे; पोलिश भाषा मला येत नाहीं; गाण्यांचे अर्थ भाषांतरांवरून समजून घेतलेले आहेत. मात्र माझें आयुष्य देगलूरसारख्या गांवीं गेलें. तेथें बाजाराच्या दिवशीं मराठी, तेलगू, कानडी व उर्दू या चारहि भाषा एकाच दुकानाच्या पायरीवर ऐकूं येतात. न कळणाऱ्या भाषेंतील गाणें मन लावून ऐकण्याची संवय आम्हां सीमेवरच्या लोकांना लहानपणापासून असते. तेवढ्या भांडवलावर हें धाडस केलें आहे.

पोलंडच्या गाण्यांचा आपल्याशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो पंचगंगेच्या कांठचा आहे.

युद्धाच्या आरंभीं पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी चालून आला, आणि १७ सप्टेंबर १९३९ रोजीं पूर्वेकडून सोव्हिएट फौजा शिरल्या. (आम्ही मराठवाड्याचे लोक दरवर्षीं १७ सप्टेंबरला झेंडावंदन करतों, कारण १९४८ सालीं त्या दिवशीं निजामाची राजवट संपली. एकच तारीख एका मुलखांत सणाची आणि दुसऱ्यांत सुतकाची असूं शकते.) १९४० च्या फेब्रुवारीपासून पूर्व पोलंडमधील लक्षावधि माणसांना रात्रीअपरात्रीं घराबाहेर काढण्यांत आलें, मालगाड्यांत भरण्यांत आलें, आणि सैबेरिया, उत्तर रशिया व कझाकस्तान येथें कष्टाच्या कामावर लावण्यांत आलें. पुढें जर्मनी रशियावरच उलटला. तेव्हां १९४१ सालीं पोलंडच्या परागंदा सरकारशीं करार होऊन या लोकांची सुटका झाली. जनरल आंदेर्स यांच्या सैन्याबरोबर १९४२ सालीं पुष्कळ बायका-मुलें कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणांत उतरलीं. तेथून कोणी आफ्रिकेंत गेलीं, कोणी मेक्सिकोस, कोणी न्यूझीलंडला, आणि कांहीं हिंदुस्थानांत आलीं. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनीं बालाचडी येथें पोरक्या मुलांस आसरा दिला, ही हकीकत आपण ऐकली असेल. त्याहून मोठी वसाहत कोल्हापूरजवळ वळिवडें येथें १९४३ सालीं उभी राहिली. तींत सुमारें पांच हजार पोलिश माणसें राहत होतीं, आणि त्यांत बहुतेक भरणा स्त्रियांचा व मुलांचा होता; पुरुषांपैकीं कोणी सैन्यांत होते, कोणी वाटेंतच मातीआड झाले होते. १९४८ पर्यंत ही वसाहत नांदली. तेथें त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतें, रुग्णालय होतें, बालवीरांचीं पथकें होतीं.

अंबाबाईच्या दर्शनास गेलों असतां कोल्हापूरच्या महावीर उद्यानांत या लोकांच्या आठवणीचें स्मारक मीं पाहिलें. तिकडे वॉर्सा शहरांतहि कोल्हापूरच्या नांवाचें स्मारक आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्यें भारताच्या पंतप्रधानांनीं तेथें फुलें वाहिलीं, तेव्हां वळिवड्याचें नांव वर्तमानपत्रांतून घरोघर गेलें. राजे-रजवाड्यांच्या औदार्याविषयीं त्या वेळीं पुष्कळ लिहिलें गेलें, आणि तें योग्यच होतें. माझ्या मनांत मात्र दुसराच विचार घोळत होता. घर गेलें, शेत गेलें, पुरणाच्या पाट्यासारखी रोजच्या हाताखालची वस्तुहि मागें राहिली. ज्या मुलानें वयाच्या तिसऱ्या वर्षीं देश सोडला त्याला वळिवड्याच्या उन्हांत बसवून आईनें ‘हा आपला पोलंड’ म्हणून काय दाखविलें असेल? दाखवावयास कांहींच नव्हतें. ऐकवावयास होतें. कोणत्याहि पहारेकऱ्यास झडतींत न सांपडणारी अशी तेवढी एकच मालमत्ता तिच्याजवळ उरली होती. हा विचार मनांत आल्यावर तीं गाणीं ऐकल्यावांचून चैन पडेना. नातवानें आपल्या मोबाइलवर तीं शोधून दिलीं, आणि पुढचा एक सबंध पावसाळा मीं त्यांत घालविला.

पहिल्या प्रथम कानांत भरते ती आवाजाची फेक. शिकलेल्या गवयाचा आवाज जसा गोलाईनें निघतो, तसा हा निघत नाहीं. खेड्यांतील पोलिश बाई मोकळ्या गळ्यानें, जवळजवळ हांक मारल्यासारखी गाते. याचें कारण सोपें आहे. हें गाणें बैठकींत बसलेल्या चार रसिकांकरितां झालेलें नसून एका शेतांतून दुसऱ्या शेतांत पोंचण्याकरितां झालेलें आहे. आपल्याकडे ज्वारीची कापणी चालली असतां भलरी म्हणणारे गडी ज्या आवाजांत गातात, तो आवाज ज्यांनीं ऐकला आहे त्यांना हें वेगळें सांगावयास नको.

कापणीचीं गाणीं पोलंडांत विपुल आहेत. राय नांवाचें धान्य तिकडचें पूर्वींचें मुख्य पीक. शेवटचें शेत कापून झालें म्हणजे चार कणसें मुद्दाम उभीं ठेवावयाचीं, तीं फुलांनीं सजवावयाचीं; या उभ्या ठेवलेल्या झुबक्याला लावा पक्ष्याचें नांव आहे. मग शेवटच्या पेंढ्यांचा मोठा मुकुट करून तो वाजत-गाजत मालकाच्या दारीं न्यावयाचा. या सणाला दोझिंकी म्हणतात. दारापाशीं जीं गाणीं म्हटलीं जातात त्यांत आधीं मालकाची स्तुति असते, आणि मग हळूच त्याच्या चिक्कूपणावर चिमटे असतात. तेथील कुळें पिढ्यान् पिढ्या वेठबिगारींत होतीं. ऑस्ट्रियाच्या ताब्यांतील मुलखांत १८४८ सालीं आणि रशियाच्या ताब्यांतील मुलखांत १८६४ सालीं ती पद्धति बंद झाली. वर्षभर ज्याच्यापुढें मान वर करावयाची नाहीं, त्याच्याच तोंडावर त्याचे दोष सुरांत सांगण्याची मुभा वर्षांतून एका दिवशीं होती. आपल्या सासुरवाशिणीनें जात्यावर सासूचे जे हिशेब चुकते केले आहेत, त्यांचें नातें याच जातीचें आहे. बोललें तर मार बसेल, गाइलें तर बसत नाहीं.

येथें मला आमच्याकडील येळवस आठवते. पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांना हा सण ठाऊक नसेल. मार्गशीर्षाच्या अमावास्येला लातूर-नांदेडकडील माणसें घराला कुलूप लावून शेतावर जातात, कडब्याची कोप करून आंत पांडवांची पूजा करतात, भज्जी-अंबील खातात, आणि शेताला फेरी घालतांना एक घोष करतात. तो घोष कानडी वळणाचा आहे. म्हणणाऱ्या मराठी शेतकऱ्याला त्याचा अर्थ विचारा, त्याला सांगतां येणार नाहीं. पण तो म्हटल्यावांचून फेरी पुरी झाली असें त्याला वाटणार नाहीं. गाण्याचा अर्थ शब्दांत असतो तितकाच तें कोठें, केव्हां आणि कोणीं म्हणावयाचें यांतहि असतो, हें ज्यानें येळवस पाहिली आहे त्याला पटवून द्यावें लागत नाहीं.

लग्नगीतांत ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. पोलिश लग्नांत रात्रीं उशिरां ओचेपीनी नांवाचा विधि होतो. नवरीच्या डोक्यावर आतांपर्यंत कुमारिकेचा फुलांचा मुकुट असतो. त्यांत बहुधा सताप ही वनस्पति असते, जी आपल्याकडेहि कुंडींत लावतात. विवाहित स्त्रिया नवरीला मध्यें बसवितात, तिची वेणी सोडतात, तो मुकुट उतरवितात आणि तिच्या डोक्यावर सौभाग्याची टोपी घालतात. मैत्रिणी मुकुट उतरूं देत नाहींत, बायका ओढतात, अशी खोटी झटापट होते. त्या वेळीं जें गाणें म्हणतात तें पोलंडांतील अत्यंत जुन्या गाण्यांपैकीं एक मानलें जातें, आणि गंमत अशी कीं त्यांत ना नवरीचें नांव ना नवऱ्याचें. तें आहे एका वेलाविषयीं. ख्म्येल नांवाचा हा वेल उंच काठ्यांवर चढवितात. त्याचीं कडवट फुलें बिअर करण्यास लागतात. वेल काठीवर चढला, आणि मुलगी बाई झाली, एवढाच काय तो संबंध. बाहेरच्या माणसाला वाटेल, हें काय लग्नाचें गाणें? पण त्या क्षणीं सबंध खोलींतील स्त्रिया रडत असतात. आपल्याकडे मुलीची पाठवणी करतांना बायका लेकीला चिमणी म्हणतात, पाहुणी म्हणतात, आणि मांडवांतील पुरुष डोळे पुसूं लागतात. तेथें पक्षी आहे, तेथें वेल आहे. थेट सांगितलें तर सोसवणार नाहीं असें दुःख दोन्ही देशांच्या बायकांनीं रानांतल्या वस्तूंच्या स्वाधीन केलें आहे.

आतां नाताळच्या गीतांकडे वळूं. त्यांना तिकडे कोलेंदा म्हणतात. ख्रिस्तजन्माची कथा बेथलेहेमची, म्हणजे उष्ण मुलखांतली. पण पोलिश कोलेंदांत ती थंडीवाऱ्यांत, गवताच्या बिछान्यावर, पोलंडच्याच एखाद्या खेड्यांत घडते. धनगरांचीं नांवें पोलिश असतात, ते बाळाला भेट आणतात ती आपल्या घरच्या चिजेची, आणि आई तें बाळ आपल्याच भाषेंत निजविते. देवाला आपल्या अंगणांत आणून बसविण्याची ही रीत वारकऱ्यांच्या महाराष्ट्राला शिकवावी लागत नाहीं. आमच्या मराठवाड्यांतील गंगाखेडची जनाबाई दळूं बसली कीं विठ्ठल तिच्या जात्याच्या खुंट्याला हात लावीत असे, असें आपण पिढ्यान् पिढ्या म्हणत आलों आहोंत. पंढरीचा देव दळतो, तर बेथलेहेमच्या बाळाला पोलंडच्या थंडींत कुडकुडावयास काय हरकत आहे?

या कोलेंदा वळिवड्यास डिसेंबरांत म्हटल्या जात. कोल्हापूरचा डिसेंबर सुखाचा असतो. गुऱ्हाळें चाललेलीं असतात, हवेंत काकवीचा वास असतो, सकाळीं एक घोंगडी पुरते. आणि तेथें हीं मुलें गात होतीं बर्फाविषयीं. त्यांतील लहानांनीं पोलंडमधील बर्फ क्वचित् पाहिलें असेल. पाहिलें होतें तें सैबेरियाचें, ज्या बर्फांत त्यांचीं भावंडें पुरलीं गेलीं. गाण्यांतील बर्फ मात्र निराळें. त्यांत गोठा उबदार आहे, आई जवळ आहे, दार ठोठावणारा धनगर चीज घेऊन आला आहे. युद्धानें ज्या गोष्टीचा अर्थ मृत्यु असा करून टाकला होता, तिचा जुना अर्थ त्या आया गाण्यानें मुलांना परत देत होत्या. लोकगीतांचें कार्य काय, असें मला कोणी विचारलें तर मी हें एक उदाहरण देऊन थांबेन.

पोलिश लोकांचा गाण्यांवर इतका जीव कां, हें समजावयास त्यांचा आणखी मागचा इतिहास पाहावा लागतो. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन वाटण्यांत रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनीं पोलंड गिळून टाकला, आणि १९१८ पर्यंत, म्हणजे १२३ वर्षें, नकाशावर त्या नांवाचा देशच नव्हता. कचेरी परक्यांची, पलटण परक्यांची, पुढें पुढें शाळाहि परक्यांची. १९०१ सालीं प्रशियाच्या ताब्यांतील व्झेस्न्या गांवच्या शाळेंत मुलांनीं धर्माचा धडा जर्मन भाषेंत म्हणण्याचें नाकारलें. मास्तरांनीं मुलांना छड्या मारल्या, आणि आरडाओरडा करणाऱ्या आईबापांवर खटले झाले. मास्तरकीचा धंदा केलेल्या माणसाला ही हकीकत वाचतांना आपला हात कोठें ठेवावा हें सुचत नाहीं. अशा काळांत भाषा टिकली ती कोणत्या शाळेंत? चुलीपाशीं, पाळण्यापाशीं, कापणीच्या रांगेंत.

निजामाच्या राज्यांत आमच्याकडेहि सरकारी शिक्षणाची भाषा उर्दू होती. तुलना बेतानेंच केली पाहिजे. दोन्ही ठिकाणचें दुःख एका मापाचें नव्हतें, आणि उर्दू ही भाषा म्हणून मला फार गोड वाटते. माझे वडील उर्दूंतून शिकले, हिशेब उर्दूंत ठेवीत, अर्ज उर्दूंत लिहीत, आणि त्यांचें अक्षर मोत्यासारखें होतें. पण त्यांचें मराठी ऐकलें तर त्यांत पुस्तकाचा वास नसे. तें त्यांच्या आईच्या जात्यावरचें होतें. म्हणी, नात्यांचे शब्द, धान्यांचीं आणि पाखरांचीं नांवें, हें सर्व पहांटेच्या ओव्यांतून त्यांच्या कानीं पडलेलें. जी भाषा शाळेनें दिली नाहीं ती दळणानें दिली.

पोलंडच्या सुदैवानें हें धन लिहून ठेवणारा एक माणूस वेळेवर निपजला. त्याचें नांव ओस्कार कोल्बेर्ग. जन्म १८१४, मृत्यु १८९०. हा गृहस्थ प्राध्यापक नव्हता. रेल्वेच्या कचेरींत हिशेबनीस होता. सुटी मिळाली कीं खेड्यांत जावें, शेतकऱ्याच्या ओसरीवर बसावें, गाणें ऐकून तेथल्या तेथें त्याचे सूर टिपून घ्यावे, असा त्याचा क्रम असे. १८४२ सालीं त्यानें पहिलीं गाणीं छापलीं तीं शहरांतील दिवाणखान्यांत शोभावीं म्हणून पियानोची साथ जोडून. संगीतकार शोपँ याचें कुटुंब आणि कोल्बेर्गचें कुटुंब हे वॉर्साचे जुने शेजारी. पण शोपँनें घरच्यांस लिहिलेल्या पत्रांत या साथीबद्दल नापसंतीच दाखविली. १८५७ सालच्या ग्रंथांत मात्र कोल्बेर्गनें सर्व साज उतरवून गाणें बाईच्या तोंडून निघालें तसेंच छापलें आणि पुढें तोच मार्ग धरला. त्याच्या हयातींत तेहतीस खंड निघाले. त्यानें जमविलेल्या गाण्यांची संख्या बारा हजारांच्या घरांत सांगतात. हिशेबनिसाच्या हातून झालें म्हणूनच हें काम इतकें चोख झालें, असा माझा आपला एक समज आहे. कवीनें केलें असतें तर त्यानें मधूनमधून दुरुस्त्या केल्या असत्या.

शोपँचें नांव निघालेंच आहे, म्हणून तालाविषयीं दोन शब्द. पोलंडच्या मझुर, ओबेरेक, कुयावियाक या नाचांचा ठेका तीन मात्रांचा असतो. ऐकतांना आपला दादरा आठवतो, पण जोर पहिल्या मात्रेवर ठरून न बसतां दुसरीवर किंवा तिसरीवर सरकतो; त्यामुळें चालतांना पाय किंचित् अडखळून सांवरावा तशी मौज येते. याच ठेक्यावर शोपँनें पन्नासांहून अधिक मझुर्का रचल्या. १८३० सालीं त्यानें वॉर्सा सोडलें, पाठोपाठ तेथें रशियाविरुद्ध उठाव झाला, आणि हा मनुष्य पुन्हा मायदेशीं गेला नाहीं. परदेशांत रचलेल्या त्याच्या एका शेर्त्सोंत, भयंकर वादळी सुरांच्या मधोमध, एक कोलेंदा येते. बाळाला निजविणारी. ती रचना मीं प्रथम ऐकली तेव्हां संगीताचें शास्त्र कांहीं न कळतांहि एवढें कळलें कीं, या माणसाला या जागीं आपलें घर आठवलें.

दुसऱ्या महायुद्धानंतरचा भाग थोडक्यांत सांगतों. युद्धापूर्वीं ध्वनिमुद्रित केलेलीं हजारों गाणीं वॉर्साच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत होतीं. तीं युद्धाच्या आगींत नष्ट झालीं. मग १९५० ते १९५४ या काळांत मारियान व याद्विगा सोबिएस्की या दांपत्याच्या देखरेखीखालीं देशभर माणसें पाठवून पुन्हा ध्वनिमुद्रण करण्यांत आलें, आणि चाळीस हजारांच्या वर गाणीं गोळा झालीं. जळाल्यानंतर पुन्हा पहिल्या घरापासून आरंभ करावयाचा, याला छाती लागते. याच सुमारास, १९४८ सालीं, माझोव्शे नांवाचें एक मोठें सरकारी कलापथक निघालें. रंगीबेरंगी वेष, शंभर पायांचा एक ताल, सुरेल वृंदगान. जगभर त्यानें पोलंडचें नांव केलें. मीं त्याचेहि कार्यक्रम मोबाइलवर पाहिले. छान आहेत. पण त्यांत कोणी थकलेलें दिसत नाहीं. कापणीच्या गाण्यांत गाणारी बाई थकलेली नसेल, तर तें गाणें कशाचें? आपल्याकडे शाळांच्या स्नेहसंमेलनांत नऊवारी नेसून मुली प्लॅस्टिकच्या जात्याभोंवतीं नाचतात तेव्हां मला हाच प्रश्न पडतो.

याविषयींची माझी खात्री मात्र कोणत्याहि ग्रंथानें न होतां आमच्या गल्लींतील एका वृद्ध बाईंमुळें झाली. वय नव्वदीच्या आसपास. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते. त्यांना ओव्या पुष्कळ येतात असें ऐकून मी वही घेऊन गेलों. त्या खुर्चीवर बसल्या, घसा साफ केला, दोन ओव्या म्हटल्या आणि अडल्या. ‘काय की हो गुरुजी, आठवंनाच.’ आठ दिवसांनीं त्यांच्या नातसुनेनें माळ्यावरचें जातें काढून धुवून ठेविलें. अक्का खालीं बसल्या, मूठभर ज्वारी घातली, खुंटा धरला, आणि पहिल्या फेऱ्याबरोबर ओवी आली. तिच्यामागून दुसरी. माझी लेखणी मागें पडली. भावाच्या, बापाच्या, माहेरच्या वाटेच्या, मेलेल्या लेकीच्या ओव्या. त्या मेलेल्या लेकीविषयीं अक्का एरवीं कोणाजवळ बोलल्या नव्हत्या, असें नातसून मागाहून म्हणाली.

त्या दिवशीं दळण झाल्यावर मीं अक्कांना मोबाइलवर एक पोलिश कापणीगीत ऐकविलें. भाषा कोणती, देश कोणता, कांहीं सांगितलें नाहीं. त्यांनीं डोळे मिटून ऐकलें आणि म्हणाल्या, ‘ही बाई घरात बसून गायलेली नाही गुरुजी. लांबून कुणाला तरी हाक मारायलीय ही.’ मग मीं अर्थ सांगितला: दिवसभर शेतांत राबून पाय दुखूं लागले आहेत, म्हणून ही बाई सूर्याला लवकर मावळावयास सांगते आहे. अक्का हंसल्या. ‘मग बरोबर हाय. मुकादम सुटी देत नसला की आमी बी सूर्व्यालाच बोलायचो.’

आपल्याकडे हें काम झालेंच नाहीं, असें समजूं नये. साने गुरुजींनीं ‘स्त्रीजीवन’मध्यें ओव्यांचा मोठा संग्रह केला, सरोजिनी बाबर यांनीं लोकसाहित्याचीं पुस्तकांमागून पुस्तकें काढलीं, हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनीं हजारावर गांवांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि त्या आतां संगणकावर कोणालाहि वाचतां-ऐकतां येतात. पोलिश माणसांचेंहि आपल्यावर एक ऋण आहे. मॉरिस फ्रीडमन हे मूळचे पोलंडचे; त्यांनीं औंध संस्थानच्या स्वराज्य-प्रयोगांत भाग घेतला, आणि पुढें मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांचे मराठी संवाद इंग्रजींत आणले. १९७३ सालीं तें पुस्तक निघालें आणि एका साध्या मराठी गृहस्थाची वाणी जगभर पोंचली. वांदा दिनोव्स्का या विदुषींनीं, ज्यांना इकडे उमादेवी म्हणत, भारतीय वाङ्मय पोलिश भाषेंत नेण्याकरितां १९४४ सालीं ग्रंथमाला काढली. पोलिश लोकगीतांचा एखादा चांगला संग्रह थेट पोलिशवरून मराठींत आला तर ही देवघेव दुहेरी होईल. वळिवडें ज्या जिल्ह्यांत आहे तेथील एखाद्या तरुण अभ्यासकानें हें अंगावर घ्यावें, असें मला फार वाटतें.

वसाहत उठली तेव्हां तेथील माणसें इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशीं दाही दिशांना पांगलीं; कांहीं पोलंडला परतलीं. २०१९ सालीं त्यांतलीं कांहीं वृद्ध मंडळी पुन्हा वळिवड्यास येऊन गेलीं. लहानपणीं पंचगंगेच्या कांठीं म्हटलेलीं गाणीं त्यांच्याबरोबर निरनिराळ्या खंडांत गेलीं. त्यांच्या नातवंडांना तीं येत असतीलहि. पण त्यांच्या घरीं राय पिकत नाहीं, आणि येथें आमच्या घरोघरीं दळण विजेच्या गिरणींतून येतें.

सध्यां आठवड्यांतून दोन सकाळीं मी अक्कांकडे जातों. त्या दळतात, मी लिहितों. कोल्बेर्ग गाण्याखालीं गांवाचें नांव घालीत असे. मी प्रत्येक ओवीखालीं ती कोणत्या कामाच्या वेळची, कोणाकडून शिकलेली, हेंहि लिहून ठेवतों. कांहीं ओव्यांत अर्धी ओळ तेलगू निघते. तीहि तशीच ठेवतों. पंचमीचीं झोक्यावरचीं गाणीं तेवढीं अजून मिळालेलीं नाहींत. अक्कांना तीं येतात, पण पंचमीवांचून त्या तीं तोंडांतून काढावयास तयार नाहींत. त्यांच्याकरितां वहींत बारा पानें कोरीं सोडलीं आहेत, आणि श्रावणाला अजून अवकाश आहे.